गावाची जतन केलेली प्रत

गुरुजींचा फोन आला तेव्हा मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला, एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं काम करते. माहेर लातूरचं. लातूरच्या गल्ल्यांवर, आमच्याकडच्या बोलीवर, कधी नुसत्याच खाण्यापिण्यावर मी ब्लॉग लिहिते. असं लिहिणाऱ्यांचा आमचा एक लहानसा गट आहे. कुणी उदगीरचा, कुणी परभणीचा, कुणी इकडूनच पुण्याला गेलेला. गुरुजी म्हणजे या गटाचे कर्तेधर्ते. अहमदपूरचे, निवृत्त मुख्याध्यापक. कुणी महिनाभर लिहिलं नाही की त्याला ते फोन करतात आणि तब्येत विचारतात.

"ताई, आपल्या त्या लिंकांच्या साईटवर एक परीक्षण लिहा," गुरुजी म्हणाले. "नवे लोक विचारतात, हे काय प्रकरण आहे म्हणून. चांगलं-वाईट दोन्ही लिहा. भीड ठेवू नका. बनवणारा आपलाच पोरगा आहे, रागावणार नाही."

बनवणारा नांदेडचाच, आता पुण्यात नोकरीला. त्यानं फावल्या वेळात आमच्यासाठी ही साईट उभी केली होती. मराठीत काही चांगलं वाचलं की त्याची लिंक तिथं ठेवायची. खाली दोन ओळी लिहायच्या, का ठेवली ते. एक-दोन शब्दांची खूणचिठ्ठी लावायची, म्हणजे शेती, प्रवास, आठवणी असं काही. दुसऱ्याला आवडलं तर तो अंगठा दाबतो. बस, एवढंच. जाहिराती नाहीत, भांडणं नाहीत. मी स्वतः तिथं क्वचितच जात असे. गुरुजींना हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी, मुलं वर्गात असताना, ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर ती साईट उघडून बसू लागले.

आधी मी परीक्षकासारखीच वागले. कागदावर टिपणं काढली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शोधून काही मिळत नाही. 'शेती' नावाची एक खूण आहे आणि 'शेति' नावाची दुसरी, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. माणसं मात्र मनापासून लिहितात. एका बाईनं आमटीच्या पाककृतीखाली लिहिलं होतं, 'सासूबाईंची अशीच असायची. त्यांनी मला कधी शिकवली नाही.' मूळ लेखापेक्षा या दोन ओळीच जास्त वाचाव्याशा वाटत.

मग मी जुन्या लिंका उघडायला लागले आणि एकामागून एक तेच येऊ लागलं. पान सापडलं नाही. पान सापडलं नाही. कुणी ब्लॉग बंद केला होता, कुणी लिहिणं सोडलं होतं, दोघं-तिघं वारले होते हे मला ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्यांच्या लेखांखाली लिहिलेल्या दोन-दोन ओळी मात्र तशाच होत्या. 'झकास. पुढचं लवकर लिहा.' ज्याला सांगितलं तोही गेला होता आणि सांगणाराही. दुपारच्या त्या रिकाम्या हॉलमध्ये ते वाचताना मला आवाज न करता बसावंसं वाटायचं.

प्रत्येक लिंकच्या कडेला एक बारीक बटण होतं. 'जतन प्रत.' कुणी लिंक ठेवली की साईट त्या पानाचा जसाच्या तसा ठसा काढून ठेवत असे. मूळ पान पुसलं गेलं तरी ठसा उरायचा. हे बटण मी एका मेलेल्या लिंकवर पहिल्यांदा दाबलं, आणि एक घर उघडलं.

लेखाचं नाव होतं 'कोपऱ्यावरचं घर'. सुरुवात अशी होती. 'दार उघडंच आहे. वाकून या, चौकट खाली आहे. चपला पायरीवर काढा. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसलीय. तिला कमी ऐकू येतं, जवळ जाऊन हाक मारा.'

त्याच ब्लॉगची पुष्कळ पानं जतन होती. प्रत्येक पान म्हणजे एका गावातलं एक घर. आडाजवळचं घर, शिंप्याचं घर, दोन भावांचं घर. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद, आत काळोख आणि गारवा. सगळं वर्तमानकाळात. कुणी पाणी शेंदतंय, कुणी रुसून बसलंय, कुणाच्या पाठीवर लेकरू झोपलंय. लेखक वाचणाऱ्याला हाताला धरून आत नेत होता. पानाच्या तळाशी एक आकडा होता, पूर्वी ब्लॉगवर असायचा तसा. 'आत्ता वाचणारे: १.' ठसा काढला त्या वेळचा तो आकडा. मी कितीदाही पान उघडलं तरी तो एकच दाखवायचा, आणि तो एक म्हणजे मी नव्हते.

वाचताना माझे पाय टेबलाखाली चपलांतून बाहेर आलेले असायचे. मी काढलेल्या मला आठवत नसत. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाताना वाकले. आमच्या फ्लॅटचं दार माझ्या डोक्याच्या कितीतरी वर आहे. नवरा बघत होता.

"काय झालं? कंबर धरली का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ताटं घ्यायला लागले.

गावाचं नाव कुठंही नव्हतं. एका घराखाली कुणा वाचकाची जुनी प्रतिक्रिया ठशात तशीच अडकून राहिली होती. 'आता तिथं नुसत्या बाभळी आहेत.' ते वाचलं आणि मला कळलं हे कुठलं गाव. म्हणजे नाव नाही कळलं, पण त्या पट्ट्यातल्या पडलेल्या गावांपैकी ते एक होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेलं.

मी तेव्हा लातूरला शाळेत होते. आमचं घर हललं, भांडी पडली, आम्ही कितीतरी रात्री अंगणात झोपलो, पण आम्हाला काही झालं नाही. माझ्या बाकावर माझ्याशेजारी एक मुलगी बसायची. मामाकडे राहून शिकत होती. गणपती बुडवायला गावी जाते म्हणाली, आणि परत आली नाही. बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव काही दिवस तसंच घेतलं. मग एके दिवशी घेतलं नाही. तिच्या गावाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. ती 'आमच्याकडं' म्हणायची, तेवढंच मला माहीत होतं.

तेव्हापासून मी त्या पानांमध्ये तिला शोधू लागले. वेणीला लाल रिबन, डाव्या हातानं लिहायची. घरामागून घर उघडत गेले. मुली पुष्कळ होत्या. कुणी सागरगोटे खेळत होती, कुणी आईचं ऐकत नव्हती. ती कुठंच नव्हती, आणि प्रत्येक पान उघडताना ती असेल अशी मला भीती वाटायची.

त्या पानांवर माझ्यासारखंच आणखी कुणीतरी वारंवार येत होतं. 'माडीचं घर' या पानाखाली टोपणनावानं दोन ओळी होत्या. 'दळण करतेय ती माझी आजी. मी हिला पाहिलेलं नाही.' त्याच टोपणनावानं त्या घराची लिंक पुन्हा पुन्हा ठेवली होती, वेगवेगळ्या खुणा लावून. आजी. घर. आमचं घर.

परीक्षणात या ब्लॉगबद्दल लिहायचंच असं मी ठरवलं. जतन प्रतीचं मोल सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नसतं. पण लिहिण्याआधी लेखकाला विचारावं असं वाटलं. ईमेल परत आला. मग गुरुजींना विचारलं.

"तो का? निलंग्याकडचा आहे," गुरुजी म्हणाले. "खताबियाणांचं दुकान आहे. लातूरच्या आपल्या पहिल्या मेळाव्याला आला होता, मागच्या खुर्चीवर बसला आणि चहाच्या आधीच निघून गेला. मग एक दिवस त्यानं अख्खा ब्लॉग पुसून टाकला. मी फोन केला तर म्हणाला, गुरुजी, इचारू नका. मी नाही विचारलं."

दिवाळीनंतर माहेरी गेले होते तेव्हा लातूरहून निलंग्याची एसटी धरली. उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या होत्या, त्यामुळे बस रांगत चालली होती. दुकान शोधायला त्रास पडला नाही. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर सरकवलेला, एका शेतकऱ्याला हरभऱ्याचं बियाणं दाखवत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी स्वतःची ओळख दिली आणि म्हटलं, "भाऊ, मी तुमचा ब्लॉग वाचला."

"तो बंद हाय," ते म्हणाले. "कवाच पुसला."

"साईटवर त्याची प्रत आहे. सगळी घरं आहेत."

त्यांच्या हातातली बियाण्याची पिशवी तशीच राहिली. चेहरा उतरला म्हणतात तसा उतरला. "अजून हायेत ते?" त्यांनी विचारलं. 'हायेत ती पानं' असं नाही म्हणाले. 'हायेत ते' म्हणाले.

दुकानामागंच त्यांचं घर होतं. त्यांच्या बायकोनं चहा आणला आणि तिथंच दाराशी टेकून उभी राहिली.  ते थांबत थांबत बोलू लागले.

"मी त्या रात्री गावात नव्हतो, ताई. लातूरला होस्टेलवर होतो. माय मावशीच्या गावाला गेलती म्हणून वाचली. वडील, धाकटा भाऊ, आत्या, सगळे गेले. मी पोचलो तवा सगळं होऊन गेलतं. मिल्ट्रीवाले आत जाऊ देत नव्हते. माझ्या डोळ्यांनी मी काही पडताना बघितलंच न्हाई. म्हणून लिहिताना मी ते होऊच दिलं न्हाई. सगळ्यांना बसवून ठेवलं आपापल्या जागी."

"छान लिहिलंय तुम्ही," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणीच ते किती तोकडं आहे हे मला कळलं.

"छानच होतं. तिथंच घोटाळा झाला." त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. "नव्या गावात आम्हाला घर मिळालं. सरळ रस्ते, लांब लांब घरं. मायला ते कधी आपलं वाटलंच न्हाई. कितीतरी वर्षं ती छताखाली झोपलीच न्हाई, पत्र्याखाली बाज टाकायची. मग मी लिहायला लागलो. माझी पोरगी तिला रोज संध्याकाळी मोबाईलवर वाचून दाखवायची. आधी आधी माय खूष. चुका काढायची. म्हणायची, शेंगा न्हाई रे, ती जवस निवडायची. मी दुरुस्त करायचो. मग ती त्यांच्याशी बोलायला लागली."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलायला लागली. आत्याला हाका मारायची. जेवायला बसली की बाजूला ताट मांडायची. वडलांचं. आम्हाला वाटलं, म्हातारपण हाय. एका दुपारी ती घरात न्हाई. सगळीकडं शोधलं. शेवटी कुणीतरी सांगितलं, जुन्या गावाच्या वाटेनं जाताना दिसली. मी गाडी काढून गेलो. आमच्या घराच्या जागेवर, बाभळीत, ती चपला काढून बसलेली. पायात काटे. मी म्हटलं, माय, हितं काय करायलीस? ती माझ्यावर चिडली. म्हणाली, तू लिवलंस ना, ती ओसरीवर बसलीय म्हणून? सगळ्या जगाला आत बोलावतोस. मग मला का न्हेत न्हाईस?"

दाराशी उभी असलेली त्यांची बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "त्या दिवसापासून त्यांनी अन्नपाणी कमी केलं. परत न्या, परत न्या, एवढंच. होळीच्या आधी गेल्या."

"तिला उचलून आणलं त्याच संध्याकाळी मी सगळं पुसलं," ते म्हणाले. "पण मी पुसलं म्हणून ती थांबली न्हाई. दाराबाहेर उभी केलेली माणसं असतात ना, तसे ते मला बी दिसायचे. आता कुठं कमी झालंय. आन् तुम्ही म्हणता ते अजून तिथंच हायेत."

मी मोबाईल काढला. दाखवू का नको असं झालं, पण मग वाटलं, न दाखवता जाणं बरोबर नाही. त्यांना ते माडीचं घर दाखवलं, आणि खालच्या त्या दोन ओळी. 'दळण करतेय ती माझी आजी. मी हिला पाहिलेलं नाही.'

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. पुन्हा वाचलं. "कोण हाय ही?"

"माहीत नाही. टोपणनाव आहे."

"राहू द्या की ते एक," त्यांची बायको हळूच म्हणाली.

"एक ठेवलं की सगळे येतात," ते म्हणाले. त्यांनी मोबाईल मला परत दिला. "काढून टाकायला सांगा, ताई. तेवढं करा."

निघताना मी माझ्या बाकावरच्या मुलीबद्दल विचारलं. लाल रिबन, डावखुरी, लातूरला मामाकडं शिकायला. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "आमच्या गावची न्हाई," ते म्हणाले. "त्या बाजूची गावं लई होती, ताई." मला सुटल्यासारखं वाटलं, आणि बसमध्ये बसल्यावर रडू आलं.

साईट बनवणाऱ्या मुलाला मी फोन केला. तो चिडला नाही, पण ऐकायलाही तयार नव्हता.

"ताई, जतन करणं हीच तर साईटची जान आहे. आज यांनी काढा म्हटलं, उद्या आणखी कुणी म्हणेल. मग उरणार काय? आणि हे तर पडलेल्या गावाचं आहे. दुसरीकडे कुठं लिहिलंय ते? लोकांचं आहे ते आता."

त्याचं म्हणणं मला पटत होतं, हीच अडचण होती. मी ग्रंथालयात काम करणारी बाई. फाटलेलं पुस्तकसुद्धा टाकून द्यायला माझा हात धजत नाही. मी त्याला निलंग्याची सगळी हकिकत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गटात विचारू. मतदान घेऊ."

गटात दोन दिवस नुसता गदारोळ झाला. नावं न घेता मी थोडक्यात प्रसंग लिहिला होता. ठेवा म्हणणारेच जास्त होते. कुणी इतिहास म्हणालं, कुणी वारसा. शेवटी गुरुजींनी लिहिलं, 'मतदान कशाचं घेता? त्यानं आपल्या मेलेल्या माणसांबद्दल लिहिलं होतं. तो नको म्हणतो. विषय संपला.' त्याच संध्याकाळी सगळ्या प्रती निघाल्या. मी साईट उघडून बटण दाबून पाहिलं. पान सापडलं नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. मला कुणाच्या तरी तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं.

आठवड्याच्या आत ती मुलगी ग्रंथालयात आली. मी टेबलाशी होते. पांढरा ड्रेस, खांद्याला बॅग, नर्सिंगला शिकणारी, नांदेडलाच. मला वाटलं पुस्तक हवंय.

"तुम्हीच का त्या परीक्षण करणाऱ्या मॅडम?" तिनं विचारलं. "गटात तुमचं वाचलं. माडीचं घर मी ठेवलं होतं."

मी उठून उभी राहिले.

"तुम्ही माझ्या आजीचं घर परत पाडलंत," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलांनीही मान वर केली नाही. "भूकंप झाला तेव्हा माझे पप्पा आठ वर्षांचे होते. त्यांच्या चुलत्यांनी पुण्याला नेलं, तिथंच वाढवलं. घरात एक फोटो नाही. पप्पा बोलतच नाहीत. विचारलं की उठून जातात. ते पान मिळालं, चुलत आजोबांनी माडी ओळखली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजी दळताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. ड्यूटीवर जायच्या आधी मी रोज वाचायचे. तुम्हाला काय त्रास होता त्याचा?"

मी तिला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हातारीची गोष्ट सांगितली. बाभळीत चपला काढून बसलेल्या म्हातारीची. ती ऐकत राहिली. मधे तिनं ओढणीनं डोळे पुसले, पण राग गेला नव्हता.

"मग त्यांनी मला विचारायचं," ती म्हणाली.

"तू कोण हे त्यांना माहीत नव्हतं."

"आता सांगा."

तिच्यासमोरच मी निलंग्याला फोन लावला. मी सांगितलं, माडीच्या घरातली नात माझ्यासमोर बसलीय.  पलीकडं दुकानात कुणीतरी युरियाची चौकशी करत होतं ते ऐकू येत होतं.

"तिच्या बापाला मी खांद्यावर बसवून आडावर न्यायचो," ते शेवटी म्हणाले. "पोहायला शिकव म्हणून मागं लागायचा. जिवंत हाय तो? चुलत्यानं नेला, मग कायबी खबर न्हाई. आम्हाला वाटलं..." मग म्हणाले, "लिहून देणार न्हाई मी, ताई. पण तिला घेऊन या. सांगतो. जागेवर नेऊन सांगतो."

शनिवारी माझ्या माहेरी लातूरला मुक्काम करून रविवारी पहाटेच आम्ही दोघी गेलो. ते त्यांची जुनी जीप घेऊन निलंग्याच्या स्टँडवर उभे होते. मुलीला पाहिल्यावर त्यांनी तिच्यासाठी जीपचं पुढचं दार उघडलं. तासाभरानं आम्ही त्या जागी पोचलो. सकाळचं कोवळं ऊन होतं. बाभळी खरोखरच माजल्या होत्या. दगडांचे ढीग होते, त्यांवर घाणेरी वाढलेली. शेळ्या चरत होत्या. मी इतक्या दुपारी ज्या गल्ल्यांमधून हिंडले होते त्यांतली एकही मला ओळखू येईना.

ते मात्र सरळ चालले. काट्यांमधून वाट काढत, वळत, एका जागी थांबत, मग दोन पावलं मागं येत. एका ढिगाशी उभे राहून म्हणाले, "हे तुझ्या आजीचं. माडी ह्या अंगाला होती. जातं तिकडं, कोपऱ्यात. तुझी आजी लई तापट होती. मला एकदा फुकणीनं मारलंय."

मुलगी हसली. मग तिनं विचारलं, "का?"

"तुझ्या बापाला मी आडात ढकलला म्हणून. पोहायला यावं म्हणून ढकलला. तो बुडायला लागला."

"हे तुम्ही लिहिलं नव्हतं."

"न्हाई लिहिलं. लिहिताना सगळ्यांना चांगलंच केलं मी." ते ढिगाकडं बघत राहिले. "तुझी आजी मेली तवा तुझा बाप शेतात होता, तुझ्या आजोबासंगं राखणीला. आजोबानं धावत येऊन हातानं दगड उपसले. ते बी त्याच महिन्यात गेले. हे तुझा बाप सांगणार न्हाई. त्यानं बघितलंय. मी न्हाई बघितलं, पण मला सांगितलेलं हाय. तुला ऐकायचं असलं तर सांगतो."

"सांगा," ती म्हणाली.

ते दोघं एका सपाट दगडावर बसले. मी मुद्दाम लांब गेले, त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही इतकी. एका बाभळीखाली उभी राहिले. खरं सांगायचं तर तिथं मला एकटीला उभं राहवत नव्हतं. वाटत होतं की मागं कुणीतरी येऊन थांबलंय, कमी ऐकू येणारं, मी हाक मारण्याची वाट बघत. वळून बघायचं धाडस झालं नाही. मी शेळ्यांकडं बघत राहिले. ती मुलगी उठून माझ्याकडं आली तेव्हा उन्हं चढली होती, आणि तिचे डोळे सुजले होते.

परत येताना त्यांनी आम्हाला निलंग्याला, दुकानामागच्या घरी नेलं. त्यांच्या बायकोनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. मुलगी भरपेट जेवली. जेवताना तिनं वडलांना फोन केला आणि स्पीकरवर ठेवला. मी इथं आहे, एवढंच ती म्हणाली. वडलांनी फोन ठेवला नाही. मग दुकानदार मोबाईलकडं वाकून म्हणाले, "ओळखलास का रे? आडावरचा." पलीकडून एका मोठ्या माणसाचा लहान मुलासारखा हुंदका आला. आम्ही सगळे ताटाकडं बघत बसलो.

परीक्षण मी नंतर लिहिलं. साईट चांगली आहे असं लिहिलं, आणि तसंच मला वाटतं. ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार लिहिली. जतन प्रतीबद्दल लिहिलं की प्रत काढण्याआधी लेखकाला विचारायची सोय करावी, आणि तो काढा म्हणाला तर त्याच दिवशी काढावी. त्या मुलानं ते बटण तसं करून घेतलं. गुरुजींना परीक्षण कोरडं वाटलं. "घरांबद्दल काहीच नाही का?" त्यांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मुलगी अजून अधूनमधून ग्रंथालयात येते. तिचे वडील या उन्हाळ्यात गावी यायचं म्हणतात, निदान म्हणतात तरी. मी तिला विचारलं, ते पान परत हवं होतं का. तिनं थोडा विचार केला. "हवं होतं," ती म्हणाली. "पण आता वाचलं तर मला आजीचा राग आठवेल. तो तिथं नव्हता."

मी दुपारी साईट उघडते, लिंका ठेवते, दोन ओळी लिहिते. डावखुऱ्या मुलीच्या गावाचं नाव मला अजून मिळालेलं नाही. लातूरला गेले की शाळेतल्या जुन्या बाईंकडं विचारायचं ठरवते. त्या आता खूप थकल्यात, आणि मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले आहे.